रंगाखालचा तडा

गेल्या वर्षी आम्ही एक जुनी सायकल विकली. एवढ्याशा गोष्टीवर चार पाने लिहावीत असे तिच्यात काय आहे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. आमच्या लहानपणी वसईत सायकल असे ती दूधवाल्याची, पाववाल्याची, फार तर शाळेतल्या मास्तरांची. ती जुनी झाली की हातोहात विकली जाई, नाही तर भंगारात जाई. तिच्यापायी कोणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नव्हते. आमची मात्र उडाली, आणि तीही चांगली अकरा रात्री. त्याला कारण झाले ते सायकलीविषयी आम्ही खरेदीदाराला लिहिलेले एक वाक्य. त्या वाक्यातील प्रत्येक शब्द खरा होता. तरीही ते लिहून झाल्यापासून आपण कोणाला तरी फसवले आहे ही जाणीव आमची पाठ सोडीना. खरे बोलूनही माणूस फसवू शकतो काय, आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याला नेमके किती सांगावयास हवे, हा प्रश्न त्या अकरा दिवसांत आम्हांस जसा भिडला तसा तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

सायकल साधी नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. १९८७ साली आम्ही नोकरीनिमित्त अमेरिकेत आलो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन परगण्यात, सॅन राफाएल या गावी स्थायिक झालो. येथून जवळच टॅमलपायस नावाचा अडीच हजार फुटांहून थोडा अधिक उंचीचा डोंगर आहे. आज जगभर जिला माउंटन बाइक म्हणतात, त्या डोंगरी सायकलीचे बालपण या डोंगराच्या अंगाखांद्यावर गेले. १९७० नंतरच्या दशकात येथील काही तरुण मंडळी तीसचाळीस वर्षांच्या जुन्या, जाड टायरांच्या, वजनदार सायकली अडगळीतून शोधून काढीत, त्या डोंगरावर चढवीत आणि वणवा विझवणाऱ्यांसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून भरधाव खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका उतारावर त्यांनी शर्यत भरवली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट खाली नेणारा तो उतार. पायडल उलटे दाबून लावायच्या ब्रेकमधले वंगण तळाशी पोहोचेपर्यंत जळून त्याचा धूर होई, आणि पुढच्या खेपेपूर्वी चाकाच्या तुंब्यात नवे वंगण भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले.

जुन्या सायकलींना हा मार सोसवेना. तेव्हा जो ब्रीझ नावाच्या तरुणाने १९७७-७८ मध्ये खास या कामासाठी, नव्या नळ्या घेऊन, स्वतःच्या हाताने सांगाडे बनवले. त्याच्या पहिल्या दहा सायकलींपैकी पहिली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. टॉम रिची हा दुसरा कुशल कारागीर सांगाडे बनवू लागला, आणि ते घेऊन गॅरी फिशर व चार्ली केली यांनी १९७९ साली ‘माउंटनबाइक्स’ या नावाने विक्रीस प्रारंभ केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टम्पजम्पर’ ही जपानच्या कारखान्यात तयार करवून घेतलेली सायकल बाजारात आणली आणि डोंगरी सायकल दुकानोदुकानी पोहोचली. तरीही एकट्यादुकट्याने चालवलेल्या लहान कार्यशाळांतून हातघडणीच्या सायकली निघतच राहिल्या. आमची सायकल त्यांपैकी एका कार्यशाळेत १९८४ साली जन्मलेली.

हातघडणीची म्हणजे काय, हे आम्हांसही फार उशिरा कळले. क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. जेथे जोड येतो व ताण पडतो तेथे बळ, आणि इतरत्र हलकेपणा. दोन नळ्या अचूक कोनात कापून एकमेकींना भिडवायच्या आणि सांध्यावर पितळ वितळवून जोड भरायचा. पोलाद वितळते त्याहून बऱ्याच कमी उष्णतेला पितळ वितळते, म्हणून कारागिराला ज्योत सांभाळता आली पाहिजे. उष्णता कमी पडली तर जोड धरत नाही, जास्त झाली तर नळीचे बळ जाते. मग कानशीने तो जोड इतका गुळगुळीत घासायचा की एक नळी कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली ते बोटालाही कळू नये. अखेरीस पायडलांचा आस ज्या नळीत फिरतो तिच्या तळाशी क्रमांक ठोकायचा. आमच्या सायकलीचा क्रमांक दोन आकडी होता.

ती आमच्याकडे आली ती भेट म्हणून. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत, व्यवसायाने सुतार. १९८४ साली त्यांनी त्या कारागिराकडे जाऊन आपल्या मापाने ती बनवून घेतली होती आणि बारा वर्षे ती टॅमलपायसच्या रानवाटांवर चालवली होती. १९९६ साली त्यांचे गुडघे निकामी झाले. एका शनिवारी ते सायकल हाताने ढकलीत आमच्या अंगणात आले आणि आमच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती तिचे हँडल देऊन म्हणाले, की ही विकायची नाही, तुला देतो आहे. मग आमच्याकडे वळून त्यांनी एकच विनंती केली. ही भिंतीवर टांगून ठेवू नका. आम्ही मान डोलावली.

मुलाने ती तीन वर्षे चालवली. १९९९ साली एका दगडी घळीत तो पडला. त्याला फारसे लागले नाही. पण पुढे काही आठवड्यांनी सायकल धुताना हँडलखालच्या उभ्या नळीस जेथे तिरपी नळी येऊन मिळते, तेथे रंगात केसासारखी रेघ दिसली आणि त्या रेघेत तांबूस गंज. नळीला तडा गेला होता. एका दुरुस्ती करणाऱ्याकडून आम्ही तो पितळाने भरून घेतला. उष्णतेने आजूबाजूचा रंग जळाला, म्हणून सबंध सांगाडा त्याच हिरव्या रंगात नव्याने रंगवून घेतला. काम इतके सफाईदार झाले, की शेजारच्या गृहस्थांनाही ते उमगले नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून आम्हीही सांगितले नाही. पुढे मुलगा शिकावयास दूर गेला, आणि सायकल मोटारीच्या खोलीत दोन खुंट्यांना अडकवली गेली. भिंतीवरच. २००४ साली ते गृहस्थ वारले. सायकल आणखी वीस वर्षे तेथेच राहिली.

गेल्या वर्षी थोरले घर सोडून मुलीच्या गावी लहान घरात जाण्याचे ठरले. सामान काढता काढता कळले, की त्या काळच्या हातघडणीच्या सायकलींचा संग्रह करणारे लोक आहेत आणि ते त्यांस मोठी किंमत देतात. मुलाला विचारले, तो म्हणाला, तुम्हांला योग्य वाटेल तसे करा. छायाचित्रांसह जाहिरात दिली. चारच दिवसांत दुसऱ्या राज्यातील एका संग्राहकाचे पत्र आले. साडेसहा हजार डॉलर देण्याची त्याची तयारी होती. त्याने एकच प्रश्न विचारला होता: रंग मूळचा आहे काय?

आम्ही उत्तर लिहिले: “रंग उत्तम स्थितीत आहे. कोठेही खरवडलेला नाही.”

हेच ते वाक्य.

आम्हां दोघांपैकी एकाचे म्हणणे असे पडले, की यात गैर काय आहे? रंग खरोखरच उत्तम स्थितीत आहे. मूळचा आहे असे आपण म्हटलेले नाही. तो जाणकार आहे. आपल्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही हे त्याला कळावयास हवे. शिवाय या देशात जुनी वस्तू विकताना ‘जशी आहे तशी’ असे लिहिण्याची सर्रास प्रथा आहे; पाहून घेण्याचे काम घेणाऱ्याचे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच गोष्टीचे, असे आपण का लिहिले, ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

हा वाद आमच्या स्वयंपाकघरात प्रथमच झाला असे मात्र नव्हे. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसरो या रोमन विचारवंताने कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात तो सविस्तर आला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक सचोटीचा व्यापारी गलबतभर धान्य घेऊन येतो. मागाहून धान्याची आणखी गलबते येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते त्याने गावकऱ्यांना सांगावे, की गप्प राहून आपला माल चढ्या भावाने विकावा? सिसरो येथे दोन तत्त्वज्ञांस समोरासमोर उभे करतो. बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, की कायद्याने सांगणे भाग आहे तेवढे सांगितले म्हणजे झाले. न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. त्याचा शिष्य अँटिपॅटर म्हणतो, की माणसामाणसांत जे नैसर्गिक बंधुत्व आहे ते स्मरून सर्व काही सांगितले पाहिजे. मग सिसरो दुसरे उदाहरण घेतो. एका सज्जनाला घर विकावयाचे आहे. ते रोगट आहे, त्याच्या खोल्याखोल्यांतून साप निघतात, त्याचे लाकूड कुचके आहे; पण हे मालकावाचून कोणाला ठाऊक नाही. सिसरोचा निवाडा असा, की जे कळण्यात दुसऱ्याचे हित आहे ते स्वतःच्या लाभासाठी त्याला कळू न देणे म्हणजे लपवणेच होय, आणि ते सरळ माणसाचे लक्षण नव्हे.

हे वाचताना आम्हांस वसईच्या टोपल्या आठवल्या. पहाटेच्या गाडीने मुंबईस जाणारी भाजी रात्री टोपलीत रचली जाई. ती कशी रचावी हे कोणी शिकवीत नसे. हातांनाच ठाऊक असे. टपोरी वांगी वर, किडकी-वाकडी तळाशी. विकणारा खोटे बोलत नसे. ‘बघा, माल बघा’ असे तो उघड म्हणे, आणि गिऱ्हाईक वरचा थर बघे. सगळेच असे रचीत, आणि गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असे, म्हणून भावात त्याची वजावट होई. पण जो गावात नवा, ज्याला ही रीत ठाऊक नाही, तो पूर्ण भाव देऊन तळ घरी नेई. आमचे वाक्य असेच रचलेले होते. खरी गोष्ट वर ठेवून तिच्याखाली दुसरी खरी गोष्ट झाकली होती.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीसाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि सिसरोच्या धान्यव्यापाऱ्याचाही तेथे विचार केला आहे. त्यांचे विवेचन आम्हांस अपेक्षेपेक्षा सौम्य आणि अपेक्षेपेक्षा कठोर, असे दोन्ही वाटले. सौम्य अशासाठी, की जो दोष डोळ्यांना दिसतो, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असणे, तो किंमत कमी लावली असेल तर विकणाऱ्याने आपण होऊन बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. मालातील दोषांची दवंडी पिटण्याचीही सक्ती नाही. तसे केल्यास ऐकणारे घाबरून दूर जातील आणि वस्तूचे गुण त्यांना कधी कळणारच नाहीत. जो प्रत्यक्ष घ्यावयास येईल त्याला मात्र सांगितले पाहिजे. भविष्यातील गोष्टींबाबतही ते सवलत देतात: आणखी गलबते येत आहेत हे न सांगणारा व्यापारी न्यायाचा भंग करीत नाही, जरी सांगणे वा भाव उतरवणे हे अधिक सद्‌गुणाचे ठरेल. जाहिरातीत तड्याचा उल्लेख आम्ही केला नव्हता, त्याबद्दलची आमची टोचणी हे वाचून थोडी निवाली.

कठोर अशासाठी, की वस्तूत आजच असलेला, डोळ्यांना न दिसणारा दोष सांगितलाच पाहिजे, याबद्दल त्यांच्याकडे तडजोड नाही. आणि तो का सांगावा, याची ते दोन कारणे वेगळी करून देतात. गुप्त दोषाने घेणाऱ्याचे नुकसान होते, कारण वस्तूची किंमत त्यामुळे खरोखर उतरलेली असते. किंवा त्याला धोका पोहोचतो, कारण वस्तू वापरताना अपाय होतो. लंगडा घोडा चपळ म्हणून विकणे, डळमळते घर भक्कम म्हणून विकणे, ही त्यांची उदाहरणे. आमच्या सायकलीच्या एकाच दोषात ही दोन्ही कारणे एकत्र नांदत होती. ती भिंतीवर टांगणाऱ्याला तड्यापासून धोका नव्हता. त्याचे फक्त पैशांचे नुकसान होते. ती उतारावरून चालवणाऱ्याच्या मात्र हँडलखालची नळी तुटली असती, तर प्रश्न पैशांचा उरला नसता.

येथे आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आपण सारे लहानपणापासून असे धरून चालतो, की अशा बाबतीत प्रश्न खरे-खोटे बोलण्याचा आहे. आठव्या आज्ञेच्या कसोटीवर आम्ही आमचे वाक्य पुनःपुन्हा घासून पाहत होतो, आणि शब्दशः पाहता ते दर वेळी खरे उतरत होते. पण संत थॉमस हा विषय खोटेपणाच्या प्रकरणात घेत नाहीत. चोरीच्या विवेचनानंतर, न्यायाचा भंग करणाऱ्या व्यवहारांत घेतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथातही व्यापारातील फसवणूक आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणे ही कृत्ये सातव्या आज्ञेखाली येतात. म्हणजे प्रश्न ‘आम्ही काय बोललो’ एवढाच नव्हता; ‘आम्ही कोणाचे काय घेत होतो’ हा होता. मूळ रंगाच्या, अभंग सायकलीची किंमत साडेसहा हजार डॉलर होती, आणि तशी सायकल आमच्यापाशी नव्हतीच. जे नव्हते त्याचे पैसे आम्ही घेऊ पाहत होतो. हे उमगल्यावर आमचे वाक्य खरे होते या गोष्टीचा आधार पार गळून पडला.

अकराव्या दिवशी आम्ही संग्राहकाला दुसरे पत्र लिहिले. तडा कोठे गेला, कधी गेला, कोणत्या रीतीने भरला आणि रंग का बदलला, ते सारे सांगितले. पहिल्या पत्रात आम्ही त्याच्या प्रश्नाला बगल दिली होती, हेही कबूल केले. त्याचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. त्यात राग नव्हता. त्याने लिहिले होते, की पहिल्या पत्रावर माझा विश्वास बसला होता. पुढे म्हटले होते, की आता साडेसहा हजार देता येणार नाहीत, पण अडीच हजारांना मी ती अजूनही घेईन. चार हजार डॉलरांचे नुकसान आम्हांस त्या क्षणी जाणवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याहून अधिक बोचले ते त्याचे पहिले वाक्य.

दरम्यान दुसरे एक गिऱ्हाईक घरी येऊन गेले होते. सायकल-दुरुस्तीच्या दुकानात काम करणारी ती एक तरुणी. तिला सायकल डोंगरावर चालवायला हवी होती, आणि तिने अठराशे डॉलर देऊ केले होते. तिला पुन्हा बोलावून आम्ही तडा दाखवला. तिने हँडल व चिमटा उतरवला, नळीत बारीक दिवा घालून आतून पाहिले, सांध्यावरून बोट फिरवले. दुरुस्ती नीट झाली आहे, पण मी हिच्यावर भरवसा ठेवून उतारावर जाणार नाही, असा तिचा निर्णय. पोलादाच्या सांगाड्याची एक नळी कापून काढून तेथे नवी बसवता येते. ते काम ती एका कारागिराकडून करून घेणार होती. तो खर्च वजा जाता बाराशे डॉलर देईन, असे ती म्हणाली.

आता प्रश्न किंमतीचा. संत थॉमस म्हणतात, की योग्य किंमत गणिताच्या काटेकोरपणाने ठरत नाही. ती एक प्रकारचा अदमास असते आणि थोडेफार इकडे-तिकडे झाल्याने न्याय बिघडत नाही. वस्तू हातची गेल्याने विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल, तर तेवढे त्याने किंमतीत धरावे. पण घेणाऱ्याला तिची विशेष गरज आहे एवढ्याच कारणाने भाव चढवू नये, कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नसते. आपुलकीची किंमत या हिशेबात कोठे बसते, याचा आम्ही विचार केला. मुलाचे पोरवय तिच्यावर गेले होते, शेजाऱ्याची आठवण तिच्यात होती. पण ती वीस वर्षांहून अधिक काळ खुंटीवर लटकत होती, आणि आम्ही कधी तिच्यावरची धूळही झटकली नव्हती. तिच्या वियोगाने आमचे नुकसान होते असे म्हणावयास आमची जीभ धजेना. आठवणी आमच्यापाशीच राहणार होत्या. ज्या वस्तू आपण देत नाही त्यांचे मोल मागता येत नाही.

मग ती द्यावी कोणाला? अडीच हजार देणाऱ्या संग्राहकाला, की बाराशे देणाऱ्या तरुणीला? येथे संग्राहकाला खलपुरुष ठरवण्याचा मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे. फेअरफॅक्समध्ये २०१५ साली सायकलींचे जे संग्रहालय उघडले, तेथे जाऊन आम्ही त्या जुन्या सायकली डोळे भरून पाहिल्या आहेत. कोणी तरी त्या न वापरता जपल्या, म्हणूनच त्या आज पाहावयास मिळतात. जपणे हाही वस्तूचा मान राखण्याचा एक मार्ग आहे. तेव्हा आम्ही संग्राहकाला सायकल दिली असती, तर त्यात अन्याय कोणाचाही झाला नसता.

पण आम्ही मान डोलावली होती. भेट दिली की मालकी जाते, आणि देणाऱ्याची विनंती हा काही करार नव्हे. कायदा तिला विचारणार नाही. तरी भेट स्वीकारतानाच विनंती ऐकून घेणे आणि मान डोलावणे, हे वचनाच्या फार जवळ जाते. ते वचन आम्ही पाळले नव्हते. शिवाय आम्ही त्या गृहस्थांपासून तडा लपवला होता. तेव्हा आम्ही त्याला दया म्हटले. आता वाटते, की त्यांना सांगितले असते तर ते सुतार होते, जोड कसा तुटतो आणि कसा भरतो ते त्यांना आमच्याहून चांगले समजले असते. पहिल्या लपवण्यात पैसा नव्हता, म्हणून ते आम्हांस लपवणे वाटलेच नाही. बहुधा तेथेच आमच्या हाताला टोपली रचण्याची सवय लागली.

आम्ही सायकल त्या तरुणीला बाराशे डॉलरांना दिली. तेराशे डॉलर सोडले यात थोरवी काही नाही. जी वस्तू फुकट मिळाली होती तिचे बाराशे आम्ही घेतलेच. तडा गेलेली वस्तू चालवणाऱ्याच्या हाती देणे योग्य काय, ही शंकाही मनाला शिवून गेली. पण ज्याला धोका पूर्ण ठाऊक आहे आणि जो तो दूर करणार आहे, त्याची स्थिती अंधारात ठेवलेल्या माणसाहून वेगळी असते. नवी नळी बसेपर्यंत सायकलीवर बसणार नाहीस ना, असे आम्ही तिला विचारले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, की हा प्रश्न मीच माझ्या गिऱ्हाइकांना रोज विचारते. संग्राहकाला तसे कळवले. त्याने तरुणीस शुभेच्छा कळवल्या.

ती सायकल घेऊन जाणार त्या सकाळी आम्ही एका कागदावर सायकलीची हकीकत लिहून काढली. कारागिराचे नाव, १९८४ हे साल, तळाशी ठोकलेला क्रमांक. शेजारच्या गृहस्थांचे नाव आणि त्यांची बारा वर्षे. १९९९ सालचे पडणे, तड्याची जागा, पितळाचा जोड, नवा रंग. खुंटीवरची वर्षेही लिहिली. ती गाळण्याचा विचार मनात आला होता. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.

तिने तो कागद दोनदा वाचला. मग सीट उपसून काढली, कागदाची बारीक गुंडाळी केली, तिला प्लॅस्टिकची पिशवी लपेटली आणि ती सीटखालच्या नळीत सारली. सायकलवाले असे करतात, ती म्हणाली; पुढे कधी कोणी हिला उघडली तर त्याला आत सापडेल. नव्या नळीची हकीकत त्याच कागदाच्या पाठीवर लिहीन, असेही म्हणाली. सीट पुन्हा बसवून तिने पेच आवळला आणि सायकल हाताने ढकलीत, त्या शनिवारी ती आमच्या अंगणात आली होती तशीच, फाटकाबाहेर नेली.